लिलावातला नारळ आणि बाबांचे दात

माझे वडील पाळक होते. पाळक म्हणजे चर्चमध्ये उपासना चालवणारा, लग्नं लावणारा, कुणी गेलं की मातीला सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा माणूस. त्याला पैसे लागत नाहीत, असा नाशिक रोडच्या आमच्या मंडळीचा ठाम समज होता. डॉक्टरला लागतात, वकिलाला लागतात, गॅसवाल्याला तर सिलिंडर दारात टेकवायच्या आधी लागतात. पाळकाकडे मात्र विश्वास असतो आणि त्याचं विश्वासावर भागतं, असं लोक अगदी मनापासून मानत. आमच्या घरी डाळ रॉकेलवर शिजायची, आणि रॉकेलवाला आमच्या धर्माचा नव्हता.

बरं, मंडळी गरीब होती म्हणावं तर तसंही नाही. निम्मे लोक नोटांच्या प्रेसमध्ये, उरलेले रेल्वेत, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत. अख्ख्या देशाला नोटा पुरवणाऱ्या माणसांच्या चर्चमध्ये पाळकाला द्यायला नोट नसायची, हे मला लहानपणी कोडं वाटायचं. महागाई भत्ता, बोनस, ओव्हरटाइम हे शब्द मी चर्चच्या आवारात जितके ऐकले तितका देवदूत हा शब्दही ऐकला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सरकारी पगार वाढले तेव्हा उपासना सुटल्यावर आवारात नुसता उत्साह असायचा. कुणी फ्रिज बदलला, कुणी स्कूटर घेतली, कुणी गच्चीवर खोली चढवली. देवाने आशीर्वाद दिला, असं प्रत्येक जण पुढे येऊन साक्षीत सांगायचा. बाबांचा पगार मी चौथीत असताना ठरला होता, आणि मी बी.ए.ला गेले तरी तो तिथंच बसून होता.

लोक आम्हाला काही देत नव्हते असं म्हटलं तर पाप लागेल. देत असत. मागच्या वर्षीच्या कोऱ्या डायऱ्या, खालून करपलेला नाताळचा केक, मुलींना आखूड झालेले कपडे. कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मी घातलेला प्रत्येक ड्रेस रविवारी कुणी ना कुणी ओळखायचं. "हा आमच्या बेबीचा ना गं? छान बसलाय तुला!" मी हसून हो म्हणायची आणि घरी येऊन आईवर ओरडायची. आई म्हणायची, "ओरड, पण आधी काढून घडी घालून ठेव. पुढच्या रविवारी दुसरा कुठून आणू?"

चर्चचा कारभार पंच कमिटीकडे असायचा. बाबा तिचे अध्यक्ष, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची प्रार्थना त्यांची. मधलं सगळं सेक्रेटरींचं. हे सेक्रेटरी आपल्या कचेरीत कर्मचाऱ्यांचे पुढारी होते. घामाचा दाम वेळेवर मिळालाच पाहिजे, यावर ते गेटसमोर असे बोलायचे की ऐकणाऱ्याची मूठ आपोआप वळावी. तेच सेक्रेटरी संध्याकाळी कमिटीच्या बैठकीला आले की समाधानी वृत्तीवर बोलायचे. दोन्ही भाषणं मी ऐकली आहेत. दोन्हींत ते अजिबात ढोंग करत नव्हते, आणि म्हणूनच त्यांचा मला जास्त राग यायचा.

कमिटीचा एक जुना ठराव होता. रविवारी थैलीत जमणारं अर्पण इमारतीला लावायचं. त्यातून नवी फरशी आली, फाटकावर कमान आली, कमानीवर रंगीत दिवे आले. पाळकाचा आणि चर्चच्या शिपायाचा पगार मात्र वेगळ्या निधीतून द्यायचा, आणि तो निधी भरायचा वर्षातून एकदा, कापणीच्या सणाच्या लिलावातून. या लिलावाकडे मी येतेच, पण आधी बाबांचे दात.

बाबांच्या हिरड्या पन्नाशीतच गेल्या. एकेक करत पुढचे सगळे दात पडले. स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरांनी कवळी बसवायला सांगितली आणि खर्चही सांगितला. बाबा म्हणाले, "पगार झाला की येतो." पगार तेव्हा चार महिने झाला नव्हता. तो मागायचाही नाही, हा बाबांचा नियम. "ज्यानं बोलावलं तो बघेल," असं म्हणायचे.

"अहो, बोलावलं देवानं," आई म्हणायची, "पण चेकवर सही सेक्रेटरींची असते."

बाबा हसायचे, आणि आता हसताना तोंडावर हात धरायचे. तो हात बघून मला रडू यायचं.

दात गेले तसा उपदेशही गेला. बाबांचं बोलणं आधीच मृदू, त्यात शब्दांतली वारा लागणारी अक्षरं नुसतीच निसटून जाऊ लागली. मागच्या बाकांवर काही पोचेना. लोकांनी कमिटीकडे तक्रार केली की साहेब काय बोलतात ते समजत नाही, साहेबांना आता विश्रांती द्यावी. विश्रांती हा फार गोड शब्द आहे. त्याचा अर्थ बाबांची नोकरी जाणार आणि आम्ही पाळकनिवास खाली करणार, असा होता. दुसरं घर आम्हाला कुठेही नव्हतं. बाबांच्या बिनदाताच्या तोंडावर आमच्या डोक्यावरचं छप्पर अडकलं होतं, हे आईला कळत होतं, मला कळत होतं, आणि बाबा ते कळून घेत नव्हते.

तक्रारीवर कमिटी बसली. चहा आणि बिस्किटं आत नेऊन देणं माझं काम होतं, म्हणून चर्चा मी ऐकली. सगळ्यांच्या समोर, टेबलाच्या टोकाला, दात नसलेला माणूस बसला होता. चहात बिस्किट बुडवून खात होता. आणि कमिटी विचार करत होती की आवाज पोचत का नाही. कुणी म्हणालं, छत उंच आहे. कुणी म्हणालं, पंख्यांचा आवाज होतो. शेवटी सेक्रेटरींना उपाय सुचला, आणि एकमताने ठरलं की चर्चला नवा लाउडस्पीकर घ्यायचा.

तो आला. दोन उंच स्पीकर आत, एक मोठा बाहेर आवारात, आणि कॉलरला लावायचा बिनवायरचा चिमुकला माईक, जो तेव्हा नाशिक रोडच्या दुसऱ्या कुठल्याच चर्चमध्ये नव्हता. त्या पैशात अख्ख्या कमिटीला कवळ्या बसल्या असत्या. देणगी देणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटीही भिंतीत बसली. पहिल्या रविवारी बाबांनी तो माईक लावून उपदेश केला. आधी जे कुणाला समजत नव्हतं, ते आता फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही समजेनासं झालं.

मग कापणीचा सण आला. खेडोपाडीच्या मंडळ्यांत या सणाला अर्थ असतो. शेतातलं पहिलं पीक लोक वेदीपुढे आणून ठेवतात, देवाचे आभार मानतात, आणि उपासनेनंतर आवारात त्या वस्तूंचा लिलाव होतो. नाशिक रोडला कापणी कोण करणार? आमची मंडळी आदल्या दिवशी भाजीबाजारात जाऊन डांगर, केळी, कांदे आणि पेरू विकत आणायची, वेदीपुढे मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच दसपट बोलीनं घ्यायची. स्वतःच्या रानातलं आणणारा एकच माणूस होता, चर्चचा शिपाई. मूळचा पेठ तालुक्याकडचा, चर्चच्या मागच्या खोलीत एकटा राहणारा. घंटा वाजवणं, झाडलोट, बाग, कबरीचे खड्डे, सगळं त्याच्याकडे. तो दर वर्षी गावाहून नागलीची, म्हणजे नाचणीची, लहानशी पिशवी आणायचा. तिच्यावर फारशी बोली लागत नसे.

बोली लागायची नारळावर. नारळाचं पीक नाशकात येत नाही, पण लिलावाचा राजा तोच. कारण रीत अशी होती की ज्यानं नारळ जिंकला त्यानं तो लगेच उदारपणे परत करायचा, "पुन्हा लिलावाला घ्या," म्हणायचं, आणि टाळ्या घ्यायच्या. एकच नारळ दुपारभर फिरत राहायचा आणि प्रत्येक फेरीला त्याची किंमत वाढायची. पैसे मात्र कुणी खिशातून काढायचं नाही. "मांडून घ्या," एवढं म्हटलं की झालं. नाव मांडलं जायचं, टाळ्या पडायच्या, आणि सण संपला की उधारी विसरली जायची. त्या उधारीवर बाबांचा आणि शिपायाचा पगार अवलंबून होता. आम्ही वर्षभर नारळांच्या त्या न दिलेल्या पैशांवर जगत होतो, किंवा जगत नव्हतो.

त्या वर्षी लिलाव पुकारायला सेक्रेटरी उभे राहिले ते कॉलरला नवा माईक लावूनच. "एक हजार एक! एक वार! दोन वार!" आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. त्यांना लिलाव फार छान जमायचा. एकाला दुसऱ्यावर चढवत, दुसऱ्याच्या नव्या स्कूटरची आठवण करून देत त्यांनी नारळ चौथ्यांदा वर चढवला होता. स्वतःही एक बोली लावली होती. मांडून घ्या, म्हणाले होते.

आई बायकांच्या रांगेत बसली होती. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "दीड हजार."

सगळ्या माना वळल्या. झाडाखाली चहा घेत उभ्या असलेल्या बाबांनी कप खाली ठेवला. सेक्रेटरी आधी गडबडले, मग खूश झाले.

"दीड हजार एक वार, दोन वार, तीन वार! पाळकीणबाईंचा उत्साह बघा, मंडळी! पैसे आत्ता देताय का, बाई?"

"सगळ्यांसारखेच, नंतर," आई म्हणाली. "साहेबांचा सहा महिन्यांचा पगार तुमच्याकडे आहेच. त्यातून वळते करून घ्या."

काही लोक थट्टा समजून हसले. आई हसली नाही, तेव्हा तेही थांबले. सेक्रेटरी लगबगीनं खुर्च्यांमधून वाट काढत आईजवळ आले, खाली वाकले आणि अगदी हळू आवाजात बोलू लागले. कॉलरवरचा माईक चालू आहे, हे ते विसरले होते.

"अहो पाळकीणबाई," आवारातला मोठा स्पीकर म्हणाला, "असं चारचौघांत काय बोलता? सहा महिन्यांचं आपण कमिटीत मिटवू ना. लोकांना कळायचं काय कारण? साहेबांनी कधी तोंड उघडलं नाही. त्या शिपायाचेही तेवढेच महिने राहिलेत, तो बिचारा कधी काही बोलला नाही. आणि तुम्हीच असं..."

पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं की लाउडस्पीकर खरोखर उत्तम आहे. एकूण एक शब्द पोचला होता. सेक्रेटरींनी कॉलर हातात धरली तोवर फाटकाबाहेरचा एक रिक्षावाला आत डोकावून बघत होता. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी विचारलं, "मग आम्ही दर रविवारी थैलीत टाकतो ते कुठं जातं?" दोघा-चौघांनी कमानीवरच्या दिव्यांकडे पाहिलं. लिलाव तिथंच संपला, आणि नारळ आईच्या मांडीवर राहिला.

घरी आल्यावर बाबा आईवर इतके चिडले की तसे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "तू मला लिलावात काढलंस," ते म्हणाले. "माझी सेवा तू बाजारात मांडलीस."

"मी तुमचे दात मांडले," आई म्हणाली. "सेवेचं मी काही बोलले नाही."

मी आईच्या बाजूनं होते आणि तसं मी बाबांना तोंडावर सांगितलं. ते बाहेर पडले. मी मागोमाग गेले. ते शिपायाच्या खोलीकडे गेले. तो दारात बसून, त्या दिवशी कुणी न घेतलेली नागली डब्यात ओतत होता. बाबांना बघून उभा राहिला.

"तुझाही पगार थकलाय, हे मला का नाही सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"साहेब, तुमालाच नाय मिळत," तो म्हणाला. "मंग मी कोन्या तोंडानं मागू?"

बाबा तिथंच त्याच्या ओट्यावर बसले. परत येताना ते मला म्हणाले, "प्रत्येक बैठकीला मी अध्यक्ष होतो गं. मला वाटायचं मी फक्त माझाच पगार सोडतोय." आणि ते रडले. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण इतकी वर्षं त्यांच्या त्या सोशिकपणाचा मला मनातून संताप होता आणि तो आज पहिल्यांदा त्यांना स्वतःलाही आला होता.

लाजेकाजेनं लोकांनी नारळाच्या उधाऱ्या आणून दिल्या. कमिटीनं बाबांचा तीन महिन्यांचा पगार केला. शिपायाचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ, असं ठरलं. बाबांनी आपल्यातला अर्धा त्याला नेऊन दिला, तर त्यानं तो घेतला नाही. "माजा मला पायजे, साहेब. तुमचा नको," एवढंच म्हणाला. पैसे आणखी कुठे जायच्या आत आईनं बाबांना हाताला धरून स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे नेलं आणि कवळीचं माप देऊन आली.

कवळी आली. सुंदर होती. पण बाबा ती लावेनात. शिपायाचा पगार होऊ दे, मग लावतो, म्हणाले. तेव्हा आई जी भडकली ती भडकलीच. दात खिडकीतल्या पेल्यात पाण्यात पडून असायचे, आणि जेवताना मऊ भात कालवून देताना ती त्या पेल्याकडे बघून कमिटीला शिव्या घालायची. पाळकाच्या बायकोला येतील तेवढ्याच, पण भरपूर. शिपायाच्या पगाराची बैठक एकदा सेक्रेटरींच्या घरच्या बारशासाठी पुढे ढकलली, मग कमानीला रंग द्यायचा होता म्हणून. इकडे साहेबांना विश्रांती देण्याचा विषय पुन्हा निघाला होता, आणि त्याला मात्र तारीख लगेच मिळाली.

त्या तारखेच्या आधीच्या रविवारी सकाळी आई खोलीत ओरडली, "पेला रिकामा आहे!"

आम्ही चर्चमध्ये गेलो. शिपायानं घंटा वाजवली. उपासना सुरू झाली. अर्पणाची वेळ आली, तसे दोन पंच हातात मखमली थैल्या घेऊन पुढे येऊन उभे राहिले. बाबांनी कॉलरचा माईक काढला आणि बाजूला ठेवला.

"थैल्या खाली ठेवा," ते म्हणाले.

आवाज मृदूच होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. किती दिवसांनी मी माझ्या वडिलांचा पूर्ण शब्द ऐकत होते.

"मघाशी ज्यानं घंटा वाजवून आपल्याला इथं बोलावलं, त्याचा पगार झालेला नाही. तो आधी होईल. तोवर या चर्चमध्ये देवाला कुणी काही देणार नाही. मीही उपदेश करणार नाही. आपण गीत म्हणू या."

सेक्रेटरी उठले, खाली बसले, पुन्हा उठले. खजिनदार स्कूटर काढून चेकबुक आणायला गेले. रविवारी चेक कुठे वटणार, असं बाबांनी विचारल्यावर ते परत रोख आणायला गेले. आम्ही गीत म्हणत राहिलो. सगळी कडवी संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्यांदा सुरू होताना खजिनदार घामाघूम होऊन आले. शिपाई अनवाणी पुढे आला, पैसे घेतले, बाबांकडे बघून मान हलवली आणि परत घंटेच्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला. आईनं डोळे पुसले. मग थैल्या फिरल्या, आणि नर्सबाईंनी मला नंतर सांगितलं की त्या दिवशी थैली नेहमीपेक्षा जड होती.

पुढच्या बैठकीत नवी तक्रार आली. साहेब आता फारच स्पष्ट बोलतात. अस्पष्ट होते तेव्हा विश्रांती सुचवली होती. स्पष्ट झाल्यावर बदली सुचवली. वरच्या कचेरीतूनही ती लगेच मंजूर झाली. निरोपाच्या समारंभात सेक्रेटरींनी बाबांना शाल दिली, घामाच्या दामावर फार सुंदर भाषण केलं, आणि आईच्या हातात नारळ ठेवला. आईनं तो उलटसुलट करून पाहिला.

"हा तरी रोखीचा आहे ना, भाऊ?" तिनं विचारलं. माईक बंद होता, तरी पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं.

बदली सटाण्याकडच्या एका लहान मंडळीत झाली. पत्र्याचं चर्च, सगळे शेतकरी, लाउडस्पीकर नाही. पहिली बैठक चर्चच्या ओट्यावर झाली. प्रार्थना झाल्यावर बाबांनी सगळ्यात आधी विचारलं, "इथं घंटा कोण वाजवतं, आणि त्याचा पगार वेळेवर होतो का?"

पंच एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारे पंच शेवटी म्हणाले, "घंटा ते तुमलेच वाजाडनी शे, साहेब. आनि पगार कांदा इकाई गया म्हंजे देसूत."

बाबा हसले, आणि तोंडावर हात न धरता हसले.

कांदा विकला गेला आणि त्यांनी पगार दिला. तीन वर्षं असंच चाललं. चौथ्या वर्षी भाव इतका पडला की त्यांच्याच हातात काही आलं नाही, मग आमच्या हातात कुठून येणार? पण एके दिवशी सगळे पंच मिळून घरी आले, आत या म्हटलं तरी आत न येता ओट्यावर मान खाली घालून बसले, आणि या हंगामाला पगार देता येत नाही, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आईनं त्यांना चहा करून दिला. ते गेल्यावर कपबश्या विसळता विसळता ती म्हणाली, "नाशिक रोडला इतकी वर्षं काढली, पण हे सांगायला आपल्या दारात कधी कुणी आलं नाही."